जुन्या ट्रकनं ट्रेलर ओढायचाय? गिअरबॉक्स निवडताना या चुका टाळा

इंदुरात कुणी जुना शेव्हरले किंवा डॉज पिकअप उभा केला आणि मागे ट्रेलर जोडायचं म्हटलं, की गॅरेजमधला पहिला सल्ला ठरलेला: "भिया, पाच गेर वाला डाल दो." राऊपर्यंतच्या सपाट रस्त्यावर हा सल्ला खपूनही जातो. पण मानपूरच्या पुढे गणपती घाट उतरायचा असेल, किंवा खंडवा रोडनं परतताना सिमरोलच्या आधीचा भेरूघाट दीड टन ओढत चढायचा असेल, तर गिअर किती यावर फारसं काही ठरत नाही. पहिल्या गिअरचं प्रमाण (इंजिनाच्या किती फेऱ्यांत मागचा शाफ्ट एक फेरा घेतो), गिअरांमधलं अंतर आणि मागचा क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी), हे तिन्ही एकत्र धरूनच हिशेब करावा लागतो.

क्राउन-पिनियन न मोजताच गिअरबॉक्स घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. चाकापर्यंत पोचताना इंजिनाचा जोर जितक्या पट होतो, तो आकडा म्हणजे गिअरचं प्रमाण गुणिले क्राउन-पिनियनचं प्रमाण. जनरल मोटर्सच्या ट्रकांत १९६८ ते १९९१ या काळात आलेल्या मन्सी एसएम ४६५ या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ६.५५ चा. मागे ४.१० असेल तर एकूण सुमारे २७. त्याच गाडीत टी-५ बसवला, तर २.९५ गुणिले ४.१० म्हणजे जेमतेम १२. टी-५ हलका, पाच गिअरचा, हातात मऊ. म्हणून लोक त्याच्या मोहात पडतात. पण त्याच्या चांगल्या आवृत्त्यांचीही क्षमता ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि तीही मस्टँगसारख्या कारसाठी धरलेली. भरला ट्रेलर चढावर उभा करून पुन्हा उचलायचा, तर इथे क्लच प्लेट जळणारच. ओढण्यासाठी टी-५ नको, असं माझं सरळ मत आहे.

उलट बाजूही आहे. एसएम ४६५ घेतला, पण मागे ३.०८ चा क्राउन-पिनियन राहिला, तर एकूण २० वरच अडकतो. म्हणून आधी मागचं प्रमाण काढा. मागच्या ॲक्सलचं हाउसिंग उघडलंच असेल तर दात मोजा: क्राउनचे ४१ आणि पिनियनचे ११, म्हणजे ३.७३. उघडायचं नसेल तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा, मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि ते हातानं बरोबर दोन फेरे फिरवा. प्रोपेलर शाफ्टचे जितके फेरे होतील, तेच प्रमाण. लॉकिंग डिफरेन्शिअल (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) असेल तर ही युक्ती चालत नाही. टायर मोठे घातले असतील तर तेही धरा. २८ इंचांऐवजी ३१ इंची टायर आले, की ४.१० ची ताकद ३.७० इतकीच उरते.

'फोर स्पीड' वाचून चार गिअर धरणं

एसएम ४६५, न्यू प्रोसेसचा एनपी ४३५, बोर्गवॉर्नरचा टी-१८ हे सगळे नावाला चार गिअरचे. यातला पहिला गिअर फक्त जड गाडी जागेवरून हलवायला. त्याला सिंक्रो (गिअर न घासता जुळवणारी रिंग) नाही, त्यामुळे चालत्या गाडीत टाकायचा तर डबल क्लच, म्हणजे दोनदा क्लच दाबणं, हवाच. रिकामी गाडी दुसऱ्यावरच उचलतात. उरले तीन गिअर, आणि खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे. एसएम ४६५ मध्ये दुसरा ३.५८, तिसरा १.७०. म्हणजे ३००० आरपीएमवर गिअर बदलला की इंजिन थेट १४२५ वर येतं. जुनं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन चढावर तिथून सावरत नाही. पुन्हा दुसरा, पुन्हा किंचाळणं. टी-१८ मध्ये ३.०९ वरून १.६९, म्हणजे ३००० वरून १६४०. दोनशे आरपीएमचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, भेरूघाटात वाटत नाही. मोठं व्ही-८ असेल तर मात्र एसएम ४६५ ची काही तक्रार नसते.

आणि नुसत्या नावावर जाऊ नका. एनपी ४३५ कुठे ६.६८ चा मिळतो, कुठे ४.५६ चा; टी-१८ कुठे ६.३२ चा, काही जीपांमध्ये ४.०२ चा. विकणाऱ्याला बहुतेक वेळा हे ठाऊक नसतं. इनपुट शाफ्ट हातानं फिरवून, मागचा शाफ्ट किती फिरतो ते प्रत्येक गिअरमध्ये मोजून घ्या.

पाचव्यावर ओढणं

पाच गिअर हवेच असतील तर १९९० च्या दशकातला एनव्ही ४५०० चांगला. जनरल मोटर्सच्या सुरुवातीच्या आवृत्तीत पहिला ६.३४, नंतर ५.६१, नंतरचाच बघा, त्यात दुसरा-तिसरा जवळ आलेत. पाचवा मात्र ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्यात शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फिरतो. मागे ४.१० आणि २९ इंची टायर असतील तर चौथ्यात ताशी ८० किलोमीटरला इंजिन साधारण २३६० आरपीएमवर असतं. ट्रेलर मागे असताना ते तिथेच राहू द्या. पाचवा रिकाम्या परतीसाठी. डॉजच्या डिझेल ट्रकांतल्या एनव्ही ४५०० मध्ये पाचव्या गिअरचा नट सैल होऊन तो गिअरच हरवतो, ही जुनी आणि माहितीतली खोड आहे. वापरलेला घेतलात तर बसवण्याआधीच मागचा भाग उघडून नट तपासा.

उताराचं थोडक्यात: ज्या गिअरवर चढाल त्याच गिअरवर उतरा. गणपती घाटात ब्रेक फेल होण्याच्या बातम्या इंदूरकरांना नवीन नाहीत, आणि न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवणारे महाभाग तरीही भेटतातच. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक नसतील तर गिअरबॉक्सवर खर्च करण्याआधी ते लावा.

बसवताना

शेव्हरलेच्या कारचं बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं, क्लचभोवतीचं कवच) ट्रकच्या गिअरबॉक्सला जुळेलच असं नाही. कारच्या हाउसिंगचं मधलं भोक ४.६८६ इंच, एसएम ४६५ ला लागतं ५.१२५ इंच. खराद्याकडे नेण्याआधी माप घ्या. क्रँकवर डायल गेज लावून भोकात पूर्ण फिरवला, तर एकूण फरक ०.००५ इंचापेक्षा जास्त नको. उस्तादाकडे डायल गेज नसेल तर दुसरा उस्ताद बघा. गिअरबॉक्सची लांबी बदलली की प्रोपेलर शाफ्ट आणि क्रॉसचा (शाफ्टच्या सांध्याचा) कोनही बदलतो, तो खर्च आधीच धरा.

कागदांचंही बघा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला रस्त्यावर चालत नाही. नेहमी ट्रेलर ओढायचा तर ही नोंदणी सोयीची नाही.

बसवल्यानंतर आवाज आला तर

पहिल्या तीन गिअरांत घरघर आणि चौथ्यात शांतता, तर काउंटरशाफ्टचे (गिअरबॉक्समधल्या जोड-शाफ्टचे) बेअरिंग किंवा दात गेलेत. चौथा थेट असल्यानं त्यावर भार येत नाही. न्यूट्रलमध्ये आवाज आणि क्लच दाबताच बंद, तर आधी इनपुट बेअरिंग बघा. क्लच दाबून दहा सेकंद थांबूनही रिव्हर्स घासत असेल तर दोष गिअरबॉक्सचा नाही, क्लच सुटत नाहीये. उतारावर ॲक्सिलरेटर सोडताच तिसरा उडत असेल तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी हाउसिंगचे बोल्ट आणि ते मधलं भोक पुन्हा तपासा. तेल मात्र नीट विचारून भरा: पितळी सिंक्रो रिंग असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं तेल लागतं, दुकानदार हमखास जीएल-५ चा डबा पुढे करतो. एनव्ही ४५०० ला त्याचं ठरलेलं सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० जीएल-४ च लागतं.