मिठावरून घसरणारे डोंगर: फिशटँकमध्ये करून बघा

उपासाला आपण जे शेंदेलोण वापरतो ना, त्याची सगळ्यात प्रसिद्ध खाण पाकिस्तानात खेवड्याला आहे, सॉल्ट रेंज नावाच्या डोंगररांगेत. ते मीठ 50 कोटी वर्षांहून जुनं, समुद्र आटून साठलेलं, आपल्या मिठागरात होतं तसंच पण कैकपट जाड. आणि हिमालयाची घडी तिथे इतकी दक्षिणेला पोचली ती याच थरावरून घसरत. आपल्या सह्याद्रीत हे दिसणार नाही, तो लाव्हाचे थर एकावर एक आडवे बसून झालाय, दाबून घड्या पडलेला डोंगर नाही. म्हणून हा खटाटोप.

जुना फिशटँक घ्या, दोन फुटी बेस्ट, आणि आत रुंदीत बरोब्बर बसेल अशी एक फळी. वाळू रत्नागिरीची असेल तर मजाच, पांढरा समुद्र आणि काळा समुद्र या नावांच्या तिथल्या किनाऱ्यांवर पांढरी-काळी दोन्ही मिळते, ओंजळ-दोन ओंजळच आणा काळी, ती जड असते आणि आपल्याला फक्त रेघा मारायला हवीये. वाळू गोड्या पाण्याने तीनदा धुवा, नाहीतर त्यातलं मीठ दमट हवेत पाणी ओढतं आणि गठ्ठे होतात (मिठाच्या प्रयोगात मीठच नको, काय करणार). मग कडक उन्हात वाळवून चाळा. पावसाळ्यात या भानगडीत पडू नका.

वाळू म्हणजे दगडाचे थर, आणि मिठाच्या जागी सिलिकॉन पुट्टी, मुलांची ती आपटली की उडणारी आणि ठेवली की पसरणारी. मी दुकानात नुसतं "पुट्टी द्या" म्हटलं तर भिंतीला लावायची पिशवी हातात आली! आईने काकवी सुचवली, पण तिच्यात वाळू बुडते आणि मुंग्या येतात त्या वेगळ्याच.

आता मुख्य गोष्ट: टाकीचा तळ शेजारीशेजारी, लांबीभर जाणाऱ्या दोन भागांत धरा, म्हणजे फळी दोन्हींना एकदम ढकलेल. एका भागात सेंटीमीटरभर पुट्टी, दुसऱ्यात तेवढीच वाळू. रात्रभर राहू द्या, पुट्टी सपाट होते. सकाळी सगळ्यावर 3 सेंटीमीटर वाळू, मधे मधे काळी रेघ, आणि दाबायची नाही.

फळी एका टोकाकडून दर दहा मिनिटांनी दोन-तीन मिलिमीटर सरकवा. घाई केली की पुट्टी दगडासारखी वागते, हळू गेलात तर वाहते, आणि खरं मीठही तसंच, घन असूनच लाखो वर्षांत वाहतं. इतर गाळासारखी दाबाने मिटत जाणारी छिद्रं त्यात जवळजवळ नसतात, म्हणून खोल गाडलं तरी हलकंच राहतं, आणि वाहतं म्हणून कमजोरही, वरच्या थरांना तळाशी घर्षण जवळजवळ मिळतच नाही.

दुपारपर्यंत फरक दिसतो. नुसत्या वाळूच्या बाजूला फळीपाशीच उंच, चढा ढीग, सगळ्या भेगा एकाच दिशेला. पुट्टीच्या बाजूला मात्र वळ्या लांबवर पळतात, बुटक्या, दोन्हीकडे सारख्या उतरणाऱ्या, इराणच्या झाग्रोस डोंगरांत आहेत तशाच, तिथे होर्मुझ नावाचा मिठाचा थर खाली आहे आणि काही ठिकाणी ते मीठ घुमटासारखं वर फुटून हिमनदीसारखं उतारावरून ओघळतं. दोन भागांच्या सीमेवर डोंगराची रांग वाकलेली दिसेल, तिचा फोटो वरून काढा.

शेवटी स्प्रेने वाळू नीट भिजवा आणि पत्र्याने उभी कापा. सुरी नको, पुट्टी चिकटते आणि घरात बोलणी बसतात.