इंग्लंडमध्ये वारलेल्या नातेवाईकाचं विल भारतात बसून कसं शोधायचं

काका नाहीतर आत्या चाळीस वर्षं लंडन-लेस्टरला राहिले, मूलबाळ नाही, आता गेले, आणि इकडे पुण्या-सांगलीत चर्चा सुरू होते की विल केलं होतं म्हणे, पण आहे कुठे? कोण म्हणतं वकिलाकडे, कोण म्हणतं लॉकरमध्ये, मग तिकडच्या कुणा ओळखीच्याला फोन लावला जातो, तो बघतो म्हणतो, आणि त्याच्या बघण्यातच सहा महिने निघून जातात. खरं म्हणजे बऱ्याचदा कुणाचे पाय धरायची गरजच नसते, मोबाईलवर घरबसल्या कळतं, फक्त तिकडचा कारभार कसा चालतो ते आधी माहीत पाहिजे.

तर इंग्लंड आणि वेल्समध्ये विल रजिस्टर करायची सक्ती नाही, तशी आपल्याकडेही नाहीच. माणूस गेल्यावरसुद्धा कोर्टाकडून प्रोबेट, म्हणजे विल खरं असल्याची मान्यता, मिळेपर्यंत विल खाजगी असतं. पण एकदा का प्रोबेट झालं की ते विल पब्लिक रेकॉर्ड, फी भरली की कुणालाही कॉपी मिळते, तुम्ही कोण, तुमचा काय संबंध, असं कोणी विचारत नाही. आपल्याकडच्या लोकांना हे खरंच वाटत नाही आणि ते वकिलामार्फत अर्ज करायला जातात, तो खर्च उगाच.

सरकारी साईट गव्ह डॉट यूके, तिच्यावर प्रोबेट रेकॉर्ड शोधायची सोय आहे, 1858 पासूनच्या नोंदी आहेत. आडनाव आणि वर्ष टाकायचं. जुन्या नोंदी माणूस कधी गेला त्याप्रमाणे नाही तर प्रोबेट कधी मिळालं त्या वर्षाप्रमाणे लावलेल्या आहेत, म्हणजे 1988 च्या डिसेंबरात गेलेले काका 1989 मध्ये सापडतील, कधी त्याच्याही पुढे, म्हणून लगेच हात टेकू नका, पुढची दोन-तीन वर्षं चाळा.

आणि खरी मारामारी असते स्पेलिंगची. दीक्षित घ्या, कुणी शेवटी एक्स लावतं, कुणी के एस एच, मध्ये एक आय की डबल ई ते वेगळंच. शिवाय आपलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, ते तिकडच्या कारकुनाने आडनाव समजून टाकलेलं असू शकतं, आणि आत्याने माहेरचं नाव ठेवलं का सासरचं हे घरातल्यांनाही धड माहीत नसतं. जुनं पत्र, पासपोर्टची झेरॉक्स, लग्नाचा दाखला, काय मिळेल त्यावरून त्या माणसाने स्वतः सही कशी केली ते बघा आणि सगळी व्हर्जन्स टाकून बघा.

नोंद सापडली की ग्रँटचा, म्हणजे कोर्टाने दिलेल्या मंजुरीचा, प्रकार वाचायचा. नुसतं 'प्रोबेट' असेल तर विल आहे आणि एक्झिक्युटरने, म्हणजे विल अमलात आणायला त्यातच नेमलेल्या माणसाने, ते सिद्ध केलंय. 'ॲडमिनिस्ट्रेशन विथ विल ॲनेक्स्ड' असेल तर विल आहे पण एक्झिक्युटर नव्हता किंवा त्याने काम केलं नाही. आणि नुसतं 'ॲडमिनिस्ट्रेशन' असेल तर कोर्टापुढे विल आलेलंच नाही, मालमत्ता तिकडच्या वारसा कायद्याने वाटली. एवढं कळलं तरी घरातले निम्मे वाद तिथेच मिटतात (किंवा नवीन सुरू होतात, ते सोडा).

काहीच सापडलं नाही तर घाबरू नका, दोन शक्यता असतात. एक, प्रोबेट अजून झालेलं नाही. मग स्टँडिंग सर्च लावायचा, थोडी फी असते, अर्जाच्या आधीच्या 12 महिन्यांत ग्रँट झालेली असेल किंवा पुढच्या 6 महिन्यांत झाली तर कॉपी तुमच्या पत्त्यावर येते, सहा महिने संपले की परत लावता येतो. इथे काहीजण सल्ला देतात की कॅव्हिएट टाका, पण कॅव्हिएट म्हणजे प्रोबेटच अडवणं, विल खोटं आहे वगैरे भांडण असेल तरच ते करायचं, नुसतं बघायला मिळावं म्हणून नाही. दुसरी शक्यता, प्रोबेट लागलंच नाही. घर नवरा-बायकोच्या नावावर जॉइंट टेनंट्स (भाडेकरू नव्हे, सामाईक मालक) म्हणून असेल तर ते विलमध्ये काहीही लिहिलेलं असो, मागे राहिलेल्याकडे आपोआप जातं, आणि बँकेत थोडकीच रक्कम असेल तर बँकही प्रोबेट न मागता देऊन टाकते. अशा वेळी विल असलं तरी ते कधीच पब्लिक होत नाही, म्हणजे ते ज्याच्याकडे आहे तो माणूस शोधावा लागतो.

माणूस शोधायला तिकडचा मृत्यूचा दाखला फार कामाचा. तो जनरल रजिस्टर ऑफिसकडून, म्हणजे तिकडच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाकडून, कुणीही फी भरून मागवू शकतं. त्यात राहता पत्ता असतो आणि मृत्यूची खबर कुणी दिली त्याचं नाव आणि नातंही असतं, कागदपत्रं कुठे आहेत हे बहुतेक त्या माणसाला माहीत असतं. मग 'द गॅझेट' या तिकडच्या सरकारी राजपत्राच्या साईटवर डिसीज्ड इस्टेट्सच्या नोटिसा फुकट शोधा, त्यात गेलेल्याचं नाव, पत्ता आणि दावे कुणाकडे पाठवायचे त्या सॉलिसिटरचा (तिकडच्या वकिलाचा) पत्ता छापलेला असतो. नॅशनल विल रजिस्टर म्हणून एक खाजगी नोंदवहीही आहे, तिथे पैसे भरून सर्च होतो, पण नोंदणी ऐच्छिक, त्यामुळे तिथे नाही म्हणजे विलच नाही असं धरू नका. सॉलिसिटरची फर्म बंद पडलेली असेल तर फाइली कुणाकडे गेल्या ते सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीला, म्हणजे या वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेला, विचारायचं.

सॉलिसिटरला मेल करताना 'विल दाखवा' लिहिलं तर नकारच येणार, प्रोबेटच्या आधी ते एक्झिक्युटरशिवाय कुणाला दाखवत नाहीत. त्यापेक्षा मी अमुक यांचा पुतण्या, दाखल्याची कॉपी जोडली आहे, तुमच्याकडे विल असेल तर माझा पत्ता एक्झिक्युटरला कळवा, एवढंच लिहा.

स्कॉटलंड वेगळं बरं का, तिथे प्रोबेट नसतं, 'कन्फर्मेशन' असतं, ते शेरीफ कोर्टाकडे, वरच्या साईटवर त्याची नोंद शोधत बसू नका. अमेरिकेत तर काउंटीगणिक कोर्ट, म्हणजे न्यू जर्सीत गेलेल्याचं विल त्याच्या काउंटीच्या सरोगेट कोर्टात.

आता इकडचं बघा. परदेशात राहणारे पुष्कळ लोक दोन विलं करतात, तिकडच्या मालमत्तेचं एक, इकडच्या फ्लॅटचं एक. म्हणून इकडेही शोध घ्या. आपण घराच्या व्यवहारासाठी बघतो त्या इंडेक्स टू मध्ये विल दिसत नाही, त्याची नोंद बुक नंबर 3 मध्ये असते, म्हणून दुय्यम निबंधक ऑफिसातच जाऊन मृत्यूचा दाखला लावून अर्ज करावा लागतो, माणूस गेल्यानंतर नक्कल कुणालाही मागता येते. काहीजण बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवून देतात, तेही विचारा. आणि दोन्ही मिळाली तर तारखा बघा, नंतरच्या विलात 'यापूर्वीची सर्व विलं रद्द' असं सरसकट वाक्य असेल तर आधीचं दुसऱ्या देशापुरतं केलेलं विलही त्यात उडू शकतं, ते दोन्हीकडच्या वकिलांना दाखवल्याशिवाय कुणाला काही कबूल करू नका.

तिकडचं विल इकडच्या जमिनीसाठी वापरायचं असेल तर डाउनलोड केलेली कॉपी चालणार नाही. कोर्टाची सील मारलेली सर्टिफाइड कॉपी मागवायची, तिच्यावर ब्रिटिश सरकारच्या लीगलायझेशन ऑफिसचं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लावलेला खरेपणाचा दाखला) घ्यायचं, आणि मग भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 च्या कलम 228 खाली इकडच्या कोर्टात अर्ज टाकायचा.