लाइफलाइनचा अर्ज : आधी चूल मोजा

न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. काका गेले तशी त्यांना फोनच्या बिलाची धास्ती बसली. बिलात सूट देणाऱ्या लाइफलाइन योजनेचा त्यांचा अर्ज दोनदा परत आला. पात्र त्या दोन्ही वेळा होत्या, चुकत होते ते कागद. तिसऱ्यांदा मी त्यांच्याशेजारी बसले.

लाइफलाइन ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची १९८५ पासूनची योजना. इंटरनेटच्या सेवेवर महिन्याला ९.२५ डॉलरपर्यंत सूट मिळते, नुसत्या फोनवर ५.२५. इंटरनेटसाठी महिन्याला ३० डॉलरपर्यंत देणारी एसीपी ही योजना वेगळी होती. ती १ जून २०२४ ला संपली. तिच्या नावाने कोणी आज माहिती मागत असेल तर देऊ नका.

पात्र ठरायला दोन वाटा आहेत. स्नॅप (अन्नासाठीची मदत), मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा), एसएसआय (गरजू वृद्ध आणि अपंगांचा भत्ता), घरभाड्याची केंद्र सरकारी मदत किंवा माजी सैनिकांचं ठरावीक पेन्शन यांतलं एक मिळत असेल तर तेवढं पुरतं. नाहीतर घराचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्क्यांच्या आत हवं. २०२५ मध्ये ही मर्यादा एकट्या माणसाला वर्षाला २१,१२८ डॉलर होती, दोघांना २८,५५३.

काकूंची पहिली चूक इथेच झाली. त्यांनी मेडिकेअरचं कार्ड पाठवलं. मेडिकेअर हा आरोग्य विमा मुख्यतः वयामुळे मिळतो, तो इथे चालत नाही, मेडिकेड चालतं. नावं इतकी सारखी की आपल्या बऱ्याच ज्येष्ठांची गल्लत होते, म्हणून पाकीट उघडून कार्डावरचं नाव अक्षर अक्षर वाचा.

दुसरी चूक नावाची. मेडिकेडच्या पत्रावर काकांचं नाव मधे होतं, अर्जात नव्हतं. आपल्याकडे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव मधे लावायची रीत, आणि इथे प्रत्येक कागदावर ते वेगळं उतरतं. सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं आहे तसंच अर्जात भरा, जन्मतारीखही ताडून पाहा.

मग चूल. एका घराला एकच लाइफलाइन, आणि घर म्हणजे एकत्र राहून कमाई आणि खर्च वाटून घेणारी माणसं. मुलाकडे राहणाऱ्या आईवडिलांची चूल एकच असेल तर उत्पन्नाच्या वाटेने मुलाचा पगारही मोजला जातो. अशा वेळी आईवडिलांना मेडिकेड मिळत असेल तर ती वाट धरा, मग लाइफलाइनच्या अर्जात पगार विचारत नाहीत. एकाच पत्त्यावर दुसऱ्या कोणाला आधीच लाइफलाइन असेल, पण पैसा खरोखर वेगळा असेल, तर घराची माहिती देणारा जादा फॉर्म भरावा लागतो. तिथे खरं तेच लिहा. सही आपली असते.

अर्ज लाइफलाइनसपोर्ट डॉट ऑर्गवर करा किंवा टपालाने पाठवा. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पद्धत वेगळी आहे. सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लागतात. पुरावा मागितला तर मदतीचं पत्र गेल्या बारा महिन्यांतलं द्या. उत्पन्नाच्या वाटेला मागच्या वर्षाचं टॅक्स रिटर्न किंवा सलग तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या. फोटो काढताना पत्राचे चारही कोपरे दिसू द्या.

मंजुरी आली की ९० दिवसांत कंपनी निवडून तिच्याकडे नाव नोंदवायचं असतं, आपोआप काही सुरू होत नाही. पुढे दरवर्षी पात्रता पुन्हा तपासतात. तपासणीत मागणी आली तर उत्तराला ६० दिवस मिळतात. सेवा फुकट असेल तर ३० दिवसांत एकदा तरी फोन वापरा, नाहीतर ती बंद करण्याची नोटीस येते. काकू दर रविवारी मोबाइल डेटावरून सांगलीला बहिणीशी व्हॉट्सॲपवर बोलतात, त्यामुळे त्यांची ती काळजी मिटली आहे.