गच्चीवर साचलेले पाणी लगेच काढावे का?

ठाण्यात नौपाड्यासारख्या भागातील जुन्या इमारतीच्या गच्चीवर जुलैत पाणी साचले, तर ते लगेच काढावे की पाऊस उघडण्याची वाट पाहावी, हे ठरवण्यापूर्वी पट्टीने खोली मोजावी. एका चौरस मीटरवर १ सेंटिमीटर पाणी म्हणजे १० किलो भार. १० सेंटिमीटर साचल्यास तो १०० किलो होतो, आणि वापरातील गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार सुमारे १५० किलोच आहे. बहुधा पाणी उतरणाऱ्या पाइपच्या तोंडाशी पिंपळाची पाने आणि एखादी दुधाची पिशवी अडकलेली असते. ती हातमोजा घालून बाहेर काढावी, कारण काठीने कचरा आतच ढकलला जातो. मात्र स्लॅबला खालून नवा तडा दिसल्यास किंवा स्लॅब खाली झुकल्यास कोणीही वर न जाता खालचे घर रिकामे करावे आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.