सी-टेनचा हीटर बॉक्स उघडण्याआधी काय काय जमवून ठेवायचं

थंडी पडायच्या आत उरकायचं काम आहे हे, म्हणून आत्ताच लिहितोय. १९६७ ते १९७२ मधली शेव्हरोले सी-टेन ज्यांच्याकडे आहे (मिशिगनमध्ये ऑटो इंडस्ट्रीतल्या आपल्या मराठी मंडळींना या जुन्या पिकअपचं वेड लागतं आणि का लागू नये, यातल्या कितीतरी इथेच फ्लिंटला बनल्यात) त्यांची हिवाळ्यातली तक्रार ठरलेली असते, हीटर चालू आहे पण केबिन गरम होत नाही आणि समोरची काच सारखी धुरकटते. मग लोक सरळ नवा हीटर कोर (गरम कूलंट फिरणारा छोटा रेडिएटर, ज्यावरून हवा तापून आत येते) आणून बसवतात आणि तरी फरक पडत नाही. माझं म्हणणं असं की कोर बदला हवा तर, पण खरं काम सीलचं आहे. ५० वर्षांत हीटर बॉक्समधल्या, हवा इकडेतिकडे वळवणाऱ्या झडपांवरच्या फोमचा भुगा झालेला असतो, त्यामुळे अर्धी हवा कोरला वळसा घालून थंडगारच आत येते, शिवाय बॉक्स आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) यांच्यातली फट उघडी असेल तर इंजिनाकडचा धूर केबिनमध्ये शिरू शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो ज्याला वास नसतो. त्यामुळे हे काम नुसतं उबेसाठी नाहीये.

आधी दुखणं ओळखा. गोडसर वास, काचेवर आतून चिकट थर, पॅसेंजरच्या पायाखालचं कार्पेट ओलं, हे दिसलं तर कोर गळतोय. पण पाऊस पडल्यावरच ओलं होत असेल तर पाणी काऊलमधून येतंय, म्हणजे काचेखालच्या जाळीत पानं साचलीत किंवा तिथला सील गेलाय. आणि हवाच कोमट असेल, गळती काही नसेल, तर बॉक्स उघडण्याआधी थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला कूलंटची वाट उघडणारी इंजिनातली झडप) बघा, कुणीतरी १६० डिग्री फॅरनहाइटचा टाकून ठेवला असेल तर १९५ चा टाकून बघा, कदाचित तेवढ्यानेच भागेल.

आता सामान. पाने सॉकेट इंचाचे लागतात, मिलिमीटरचे नाही, आणि लांब एक्स्टेन्शन हवंच कारण इंजिनाच्या बाजूचे काही बोल्ट उजव्या इनर फेंडरच्या (चाकावरच्या आतल्या पत्र्याच्या) आड जातात, तो फेंडर सैल करायची किंवा काढायची मनाची तयारी ठेवा, आडून आडून हात घालून बोल्ट तोडण्यापेक्षा ते बरं. आदल्या संध्याकाळी सगळ्या नटबोल्टवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, इथल्या रस्त्यावरच्या मिठाने ते पार गंजलेले असतात. कूलंट धरायला रुंद ट्रे आणि झाकणाचा डबा लागेल, आणि घरात कुत्रं मांजर असेल तर त्या ट्रेजवळ फिरकू देऊ नका, चव गोड असते आणि थोडंसं पोटात गेलं तरी जीव जाऊ शकतो. नवीन हीटर होज दोन मापांचे घ्या, ५/८ आणि ३/४ इंच, क्लॅम्प नवे घ्या. जुने होज पिळून ओढायचे नाहीत, ब्लेडने उभे चिरून सोलून काढायचे, नाहीतर कोरची नळीच उपटून येते.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सीलचं सामान आणि इथे कंजूषपणा करू नका. झडपांसाठी क्लोज्ड-सेल फोम, पाणी पिणारा साधा स्पंज अजिबात नको. जुन्या फोमचा जो तुकडा शाबूत असेल त्याची जाडी मोजून तेवढाच घ्या, जास्त जाड घेतला तर झडप पूर्ण बंदच होत नाही आणि केबलवर ताण येतो. चिकटवायला वेदरस्ट्रिप ॲडहेसिव्ह, आणि त्याआधी पत्रा पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. फायरवॉलच्या जोडाला बुटिलची (मऊ, चिकट रबराची) दोरी किंवा काळी स्ट्रिप कॉक, म्हणजे न सुकणारी पुटीची पट्टी, वापरा. सिलिकॉन नको, व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन पत्र्याला गंज आणतो आणि पुढच्या वेळी उघडताना खरवडून खरवडून जीव जातो. पत्र्यासाठी वायर ब्रश, रस्ट कन्व्हर्टर, प्रायमर, काळा सॅटिन पेंट, आणि फायबरच्या भागाला तडा असेल तर इपॉक्सी.

मास्क आणि हातमोजे विसरू नका. गाडी गोठ्यात किंवा शेडमध्ये पडून असेल तर ब्लोअरमध्ये (हवा ढकलणाऱ्या पंख्यात) उंदरांचं घरटं सापडायची शक्यता बरीच आहे, अमेरिकेत काही उंदरांच्या लेंड्यांमधून हंटाव्हायरस पसरतो. सुक्या लेंड्या झाडायच्या नाहीत, व्हॅक्यूमही लावायचा नाही, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं शिंपडून पाच मिनिटं भिजू द्यायचं आणि मग कागदाने उचलून पिशवीत बंद करायचं, दारं खिडक्या उघड्या ठेवून.

खोलायला लागण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, इंजिन पूर्ण गार असू द्या, आणि मोबाइलवर फोटो काढत जा, खास करून केबली कुठल्या खाचेत आहेत आणि त्यांच्या क्लिपा कशा आहेत ते. झिपलॉक पिशव्या आणि मार्कर जवळ ठेवा. ग्लोव्ह बॉक्सचा आतला खोका बऱ्याच गाड्यांत पुठ्ठ्याचा असतो, काढताना फाटतोच, तेव्हा नवा आधीच मागवून ठेवला तर बरं.

बॉक्स बाहेर आला की ब्लोअर मोटर सरळ १२ व्होल्टवर लावून फिरवून बघा, गुणगुणली किंवा घासली तर आत्ताच बदला. कोर ठेवायचा ठरवला असेल तर बादलीत बुडवून हलकी हवा भरा, रेडिएटर कॅपच्या दाबापेक्षा जास्त नको, बुडबुडे आले तर तो गेला. तांब्या-पितळेचा जुना कोर रेडिएटर शॉपला दुरुस्त होतो, आणि मला तो नव्या ॲल्युमिनियमच्या कोरपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

तपासणीसाठी तीन गोष्टी ठेवा: टॉर्च, कागदाच्या पट्ट्या, आणि घरातली उदबत्ती. अंधारात बॉक्सच्या आत टॉर्च लावून झडप बंद केली की जिथून उजेड फुटतो तिथे फोम कमी पडलाय. कागद झडपेत धरून ओढायचा, सहज सुटला तर सील सैल आहे. आणि गाडीत बसवून ब्लोअर चालू केला की उदबत्ती जोडांजवळून हळू फिरवायची, धूर जिथे ढकलला जातो तिथे गळती. पाण्याचा पाइप काऊलवर सोडून कार्पेट काढलेल्या फ्लोअरवर हात फिरवून बघायचा, तेही कार्पेट घालण्याआधीच.

कूलंट आणि पाणी निम्मंनिम्मं भरा, ते सुमारे उणे ३४ फॅरनहाइटपर्यंत टिकतं, आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा निघू द्या. पहिल्या चालवण्यानंतर इंजिन गार झालं की क्लॅम्प परत आवळा आणि पातळी पुन्हा बघा.