मोल्ड टाकण्याआधी दिवाळे गावच्या बाजारात जा

प्रॉडक्ट डिझाइनमध्ये येऊ पाहणारी मुलं मला बहुतेक दोनच गोष्टी विचारतात: सीईईडीची (डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची) तयारी कशी करू आणि पोर्टफोलिओत काय टाकू. पवईच्या आयडीसीत, म्हणजे आयआयटीच्या डिझाइन विभागात, नंबर लागला तर उत्तमच. पण नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या कारखान्यात पहिल्या वर्षी मी जिथे आपटले, ते कुठल्याच पोर्टफोलिओत दिसत नाही.

काम होतं मासळीवाल्यांच्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचं. मी सपाट, नाजूक बटणांचं झाकण काढलं. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवरचं चित्र, मालकांपासून सेल्सपर्यंत सगळ्यांना आवडलं, लगेच मोल्ड (प्लास्टिक ओतायचा स्टीलचा साचा) टाकला. पहिले काटे घेऊन दिवाळे गावच्या मासळी बाजारात गेले, तर पहिल्याच मावशींनी काट्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली. हात ओले, खवल्यांनी भरलेले. पिशवीवरून बटणं लागेनात. "कोणासाठी बनवलंस गं हे?" त्यांनी साधंच विचारलं होतं. मला आजही ते टोचतं.

बटणं मोठी करायची म्हणजे झाकणातली भोकं मोठी करायची. इथेच मी फसले, म्हणून नीट वाचा. प्लास्टिकमध्ये भर घालायची असेल, तर मोल्डचं स्टील कापायचं; ते जमतं. पण झाकणात जिथे भोक, तिथे मोल्डमध्ये स्टील असतं. त्यामुळे भोक मोठं करायचं असेल, तर मोल्डमध्ये स्टील वाढवावं लागतं: वेल्डिंग करा, नाहीतर नवा इन्सर्ट (स्टीलचा वेगळा तुकडा) बसवा. कापलेलं स्टील परत येत नाही. म्हणून शंका असेल तिथे भोक आधी मोठं ठेवा, नंतर स्टील घासून लहान करता येतं. हे मला टूलरूममधल्या (जिथे मोल्ड बनतात तिथल्या) काकांनी शिकवलं. माझ्या मते तेच खरे गुरू. 'तीन महिन्यांत डिझायनर' करणाऱ्या कोर्सवाल्यांना पैसे देऊ नका.

आणि घाबरू नका. त्या एका चुकीने माझी नोकरी गेली नाही, तुमचीही जाणार नाही. उलट ती पिशवी पाहूनच कंपनीला नवा माल सुचला: धुता येणारं पारदर्शक कव्हर. व्यवसायात डिझाइनचं काम हेच, लोक मुकाट्याने काय जुगाड करतात ते आधी बघणं. शेवटी रंगरूप द्यायला बोलावलं, तर डिझायनरच्या हातात फारसं काही उरत नाही. पहिल्या मीटिंगलाच बसू द्या, असं मागा. नवे असलात तरी मागा.

एक गोष्ट पटकन: नवं रूप प्रदर्शनात किंवा इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी डिझाइन नोंदणीचा अर्ज करा. २००० च्या कायद्याने १० वर्षं संरक्षण मिळतं, पुढे ५ वाढवता येतात. पण आधीच जगजाहीर झालेलं रूप नवं धरत नाहीत.

दुसऱ्या खेपेला मी पुठ्ठ्याचा काटा घेऊन गेले. बटणं पेनाने काढलेली, वर पिशवी. मावशींनी ओल्या बोटाने एकेक दाबून पाहिलं आणि दोन बटणांवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही नकोच." ती आम्ही काढली.