काटकसर कशी करावी: आधी दरवाजा, मग मोरी

मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, अशी अनेक घरांची काटकसर असते. खोलीतून बाहेर पडताना दिवा न चुकता बंद होतो, साबणाचे उरलेले तुकडे जोडून वापरले जातात, आणि त्याच घरातून दर महिन्याला क्रेडिट कार्डाचं व्याज जात असतं. कष्ट खरे असतात, पण महिनाअखेर हातात काही उरत नाही. मग माणसं काटकसरीलाच कंटाळतात. हे टाळायचं तर पैसा नेमका कुठून जातोय हे आधी मोजावं लागतं.

पहिला महिना: फक्त लिहा

पहिले 30 दिवस खर्च कमी करायचा प्रयत्न करू नका, नुसता लिहा. वहीत चार रकाने आखा: तारीख, रक्कम, कशासाठी, आणि 'ठरवून की सहज'. चौथा रकानाच सगळ्यात जास्त शिकवतो. नोंद पैसे देतानाच करा. रात्री आठवून लिहायला बसलं की मोठे खर्च आठवतात आणि बारीक रोख खर्च निसटतात. 'किरकोळ' नावाचा रकाना तर करूच नका. शोधायचं ते सगळं त्यातच लपतं.

दोन चुका हमखास होतात. एटीएममधून काढलेली रक्कम खर्च म्हणून लिहिली जाते आणि त्या पैशांतून घेतलेल्या वस्तूही लिहिल्या जातात, म्हणजे एकच खर्च दोनदा. क्रेडिट कार्डाचंही तसंच: खरेदीच्या दिवशी नोंद केली असेल तर बिल भरल्याची नोंद पुन्हा खर्चात धरायची नाही.

महिना संपला की तीन ढीग करा. भाडं, हप्ते, फी, विमा हा बांधील खर्च. किराणा, वीज, इंधन, औषधं हा गरजेचा पण कमीजास्त होऊ शकणारा. बाकीचा ऐच्छिक. मग वर्षातून एकदाच येणारे खर्च आठवून लिहा: विम्याचा हप्ता, वाहनाची सर्व्हिसिंग, शाळेची सुरुवात, घरातली दुरुस्ती. त्यांची बेरीज करून 12 ने भागा आणि ती रक्कम दर महिन्याच्या खर्चात धरा. 'अचानक खर्च आला' म्हणून कोलमडणारी बरीचशी अंदाजपत्रकं अशाच, तारखेसकट माहीत असलेल्या खर्चांनी कोलमडतात.

आता यादी मोठ्या रकमेपासून लहान रकमेकडे लावा. एकूण खर्चात 40 टक्के वाटा असलेल्या बाबीत फक्त 5 टक्के कपात केली तरी एकूण 2 टक्के वाचतात. 2 टक्के वाट्याची बाब निम्म्यावर आणली, तर एवढ्या कष्टानंतर वाचतो 1 टक्का. हात कुठे घालायचा ते या हिशेबावरून ठरवा.

व्याज आणि आपोआप कापले जाणारे पैसे

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला 3 टक्के व्याज ऐकायला लहान वाटतं. चक्रवाढीने वर्षाचे ते 42 टक्क्यांच्या वर जातं. एवढा परतावा देणारी सुरक्षित ठेव कुठेही नाही, म्हणून हे कर्ज फेडणं हीच त्या घराची पहिली बचत. बिलावरची 'किमान रक्कम' भरल्याने दंड टळतो, व्याज टळत नाही. शिवाय थकबाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही बहुतेक वेळा जाते.

कर्जं अनेक असतील तर सगळ्यांचे ठरलेले हप्ते वेळेवर भरा आणि उरलेली प्रत्येक जादा रक्कम सर्वाधिक व्याजदराच्या कर्जात टाका. ते संपलं की तीच रक्कम पुढच्या कर्जाकडे वळवा. मात्र सगळी शिल्लक कर्जात घालून हात रिकामे करू नका. साधारण एका महिन्याचा खर्च बाजूला असू द्या, नाहीतर पुढची अडचण पुन्हा कार्डावरच जाते.

मग मागच्या 12 महिन्यांचं बँक आणि कार्डाचं विवरण घेऊन बसा. 3 महिन्यांचं पुरत नाही, कारण वार्षिक वर्गणी वर्षातून एकदाच दिसते. आपोआप कापल्या गेलेल्या प्रत्येक रकमेपुढे ती सेवा शेवटची कधी वापरली ते लिहा, आणि मासिक रक्कम 12 ने गुणून मांडा. फोनमधलं ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद झाली असं नसतं. ती खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन रद्दच करावी लागते. मोफत चाचणीसाठी नोंदणी केली तर मुदत संपण्याच्या दोन दिवस आधीचा गजर त्याच क्षणी लावा.

आरोग्य विम्याला मात्र या कात्रीतून वगळा. नूतनीकरणाच्या आधी दरांची तुलना जरूर करा, पण नवा विमा सुरू झाल्याशिवाय जुना सोडू नका.

वीज: वॅट गुणिले तास

उपकरणाचे वॅट गुणिले वापराचे तास, भागिले 1000, म्हणजे युनिट. एवढं एक सूत्र आलं की ऐकीव सल्ल्यांची गरज उरत नाही. 60 वॅटचा जुना बल्ब रोज 5 तास चालला तर महिन्याला 9 युनिट घेतो. त्याच जागी 9 वॅटचा एलईडी दीड युनिटाच्याही आत राहतो. 75 वॅटचा पंखा रोज 12 तास म्हणजे 27 युनिट, तर 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तेवढ्याच वेळात 11 युनिटांच्या आत. पण बदल करताना सर्वाधिक तास चालणारा दिवा किंवा पंखा आधी बदला. अडगळीच्या खोलीतला दिवा बदलून घातलेले पैसे कधी परत येतील ते सांगता येणार नाही.

भिंतीला लावून ठेवलेल्या फोनच्या चार्जरची फार काळजी केली जाते. नुसता लटकलेला आधुनिक चार्जर अर्ध्या वॅटहून कमी घेतो, म्हणजे महिनाभरात युनिटाचा तिसरा हिस्सासुद्धा जेमतेम. याउलट टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद करूनही 10 वॅट घेत असेल, तर महिन्याचे 7 युनिट होतात. लक्ष द्यायचं ते अशा यंत्रांकडे, आणि मुख्यतः गरम किंवा गार करणाऱ्या उपकरणांकडे.

15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवायला साधारण 0.6 युनिट लागतं, आणि 2000 वॅटचा गिझर हे काम 18 ते 20 मिनिटांत करतो. गरम पाण्यात गार पाणी मिसळल्याने वीज वाया जात नाही. वाया जाते ती टाकीत उरून निवणाऱ्या पाण्याची. म्हणून अंघोळीच्या अर्धा तास आधी लावा, तापलं की बंद करा, आणि घरातल्यांच्या अंघोळी लागोपाठ होऊ द्या.

फ्रिजच्या दारात कागद अडकवून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघाला तर रबर सैल झालं आहे. आधी ते कोमट साबणाच्या पाण्याने पुसून पाहा, कारण कित्येकदा चिकट मळामुळेच फट राहते. आतलं तापमान 4 अंशांच्या आसपास आणि फ्रीझर उणे 18 वर पुरेसा असतो. त्याहून गार ठेवून अन्न जास्त चांगलं राहत नाही, बिल मात्र वाढतं. एसीचं तापमान 1 अंशाने वाढवलं की त्याच्या विजेत ढोबळ मानाने 6 टक्के बचत होते. पंखा सोबत चालवला तर हा अंश जाणवतही नाही.

शेगडी आणि नळ

उकळणारं पाणी 100 अंशांवरच राहतं. उकळी आल्यावर आच मोठी ठेवली तर पदार्थ लवकर शिजत नाही, फक्त वाफ जास्त होते. उकळी येईपर्यंत मोठी आच, नंतर झाकण आणि मंद आच, एवढ्यानेही इंधन वाचतं. प्रेशर कुकरला हाच नियम: दाब भरला की आच कमी करा. ज्वाळा भांड्याच्या बुडाबाहेर जात असेल तर तेवढा गॅस हवा तापवतोय. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली आणि भांडी काळी पडू लागली तर बर्नरची छिद्रं बुजली आहेत किंवा हवा नीट मिसळत नाही. बर्नर गार झाल्यावर काढून, धुऊन, पूर्ण वाळवून बसवा. तरीही फरक पडला नाही तर जाणकाराला दाखवा. गॅसच्या नळीची आणि जोडाची दुरुस्ती स्वतः करायची नाही.

ठिबकणाऱ्या नळाखाली तासभर भांडं ठेवा आणि जमलेलं पाणी मोजून 24 ने गुणा. आकडा पाहिल्यावर दुरुस्ती लांबणीवर पडत नाही. फिरकीच्या जुन्या पद्धतीच्या नळाचा वॉशर घरी बदलता येतो:

1. त्या नळाचा कॉक किंवा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून नळीतलं पाणी काढून टाका.
2. सिंकच्या भोकात फडकं घाला, म्हणजे स्क्रू आत पडणार नाही.
3. फिरकी काढा, खालचा नट पान्याने सोडवा आणि दांडा बाहेर काढा.
4. तळाचा जुना वॉशर दुकानात दाखवून त्याच मापाचा आणा. अंदाजाने घेतलेला एखाद-दोन मिलिमीटरने चुकतो आणि नळ पुन्हा ठिबकतो.
5. नळाच्या आतली वॉशर टेकण्याची जागा बोटाने चाचपा. क्षार असतील तर पुसून काढा. तिथे खाच पडली असेल तर नवा वॉशरही टिकणार नाही, नळच बदलावा लागेल.
6. उलट्या क्रमाने जोडा आणि व्हॉल्व्ह हळू उघडा.

पाव फेरीत उघडणाऱ्या नळात असा वॉशर नसतो. त्यातलं कार्ट्रिज, म्हणजे पाणी उघड-बंद करणारा आतला अखंड भाग, बदलावं लागतं.

फ्लशची गळती आवाजही करत नाही. टाकीत खाण्याचा रंग घाला आणि 20 मिनिटं फ्लश वापरू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबर बदलायला झालं आहे.

खरेदी

पाकिटाची किंमत पाहू नका, 100 ग्रॅमची किंवा लिटरची किंमत काढा. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त पडतं असं नाही, आणि नेहमीच्या पाकिटाचं वजन किंमत तीच ठेवून कमी केलेलंही असू शकतं. मोठं पाकीट घ्यायच्या आधी दोन प्रश्न विचारा: मुदतीच्या आत संपेल का, आणि घरात भरपूर आहे म्हणून हात सैल होणार नाही ना? तेल, साबण आणि खाऊ यांच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्यावं लागतं. फेकलेलं अन्न हे सगळ्यात महाग अन्न. नवं सामान मागे, जुनं पुढे ठेवा. फ्रिजमध्ये 'आधी हे संपवा' असा एक कप्पा करा आणि आठवड्याचा बेत त्या कप्प्यावरूनच सुरू करा.

कपड्यांच्या पावडरचं प्रमाण पुडीवरच्या खुणेपेक्षा जास्त घेऊ नका. जादा फेस कपडे जादा स्वच्छ करत नाही, उलट साबण कापडात राहतो आणि पुन्हा खळबळावं लागतं.

ऐच्छिक वस्तूंसाठी थांबा-यादी ठेवा. वस्तू, आजची किंमत आणि तारीख लिहा. लहान खरेदीला 3 दिवस, मोठीला 30 दिवस थांबा. बऱ्याच नोंदी आपोआप खोडल्या जातात. शिवाय पुढे 'निम्म्या किमतीत'ची पाटी लागली तर मूळ किंमत खरोखर किती होती ते तुमच्याकडे लिहिलेलं असतं.

काही ठिकाणी स्वस्त घेऊ नका: वायरिंग, गॅसची नळी, वाहनाचे टायर आणि ब्रेक, रोज वापरायच्या चपला. इथे किमतीला वापराच्या दिवसांनी भागून पाहा. चौपट टिकणारी दुप्पट किमतीची वस्तू निम्म्यात पडते. दाताचं दुखणं पुढे ढकलून पैसे वाचत नाहीत. साध्या भरणीचं काम पुढे रूट कॅनालवर जातं.

वाचलेला पैसा हलवा

बहुतेकांची काटकसर इथे फसते. वीजबिल कमी आलं तरी फरकाची रक्कम त्याच खात्यात पडून राहते आणि पंधरवड्यात दुसऱ्या कशात तरी विरून जाते. यासाठी वेगळं बचत खातं असू द्या, ज्याचं कार्ड पाकिटात नाही आणि जे फोनवरच्या पेमेंट ॲपला जोडलेलं नाही. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी तिकडे आपोआप रक्कम जाईल अशी सूचना बँकेला द्या. सुरुवात 5 टक्क्यांनी केली तरी चालेल. पगार वाढला की वाढीतला अर्धा भाग तिकडे वळवा. पहिलं लक्ष्य बांधील आणि गरजेच्या खर्चाच्या 3 ते 6 महिन्यांएवढी रक्कम. उत्पन्न अनियमित असेल तर 6 कडेच झुका.

सगळ्या सवयी एकदम लावू नका. महिन्याला दोन पुरेत. घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, थोडी रक्कम अशी द्या की तिचा हिशेब कुणी विचारणार नाही. सगळंच आवळलं की महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी वैतागून सैल सुटतं आणि वाचवलेलं एका दिवसात जातं.

परिणाम तपासताना वीजबिलाची रक्कम पाहू नका, दर बदलत असतात. युनिट पाहा, आणि तेही मागच्या महिन्याशी नव्हे तर मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी ताडून, कारण ऋतू बदलला की वापर बदलतो. जुनी बिलं त्यासाठी जपून ठेवा.